छज्ज्याखालचं मोहोळ आणि नवऱ्याची मशाल

पत्र असं आहे:

"काकू, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. पाच दिवसांपूर्वी दुपारी गॅलरीत असा घूंऽऽ आवाज आला की मला वाटलं वॉशिंग मशीन बिघडलं, जाऊन बघते तर छज्ज्याखाली मधमाश्यांचा हाऽ एवढा घोळका लटकलेला. तेव्हापासून गॅलरी बंद. संध्याकाळी लाइट लावला की कुठूनतरी पाचदहा माश्या आत येतात आणि ट्यूबभोवती आपटून आपटून सकाळपर्यंत मरून पडतात. दोरीवरच्या कपड्यांवर पिवळे पिवळे थेंब पडलेत, ते कसले तेही कळत नाही. नवरा म्हणतो रात्री मशाल लावून एकदाचा निकाल लावू. शेजारचे म्हणतात झुरळांचा स्प्रे मारा, नाहीतर पाइपने पाणी मारा. सासूबाई म्हणतात कुणी काही करू नका, आल्या तशा जातील. पण सासूबाईंना मागे एकदा माशी चावून कोपरापर्यंत हात सुजला होता, आणि मुलगा चार वर्षांचा आहे, दिवसभर बॉल घेऊन गॅलरीच्या दाराशी. मला माश्या मारायच्या नाहीयेत पण त्या घरात नकोत. काय करू? – घाबरलेली"

अगं घाबरलेली, पहिली गोष्ट म्हणजे ती मशाल जिथे असेल तिथून आत्ताच्या आत्ता लपव, बाकीचं मग निवांत बोलू.

तू जे लिहिलंयस त्यावरून, म्हणजे रात्री दिव्यावर येणं, उघड्यावर छज्ज्याला लटकणं, पिवळे थेंब, हे सगळं जुळवलं तर मला ते आग्या मोहोळ वाटतंय. आग्या माश्या आपल्या मधमाश्यांमध्ये आकाराने सगळ्यात मोठ्या, भोकात किंवा पेटीत कधीच राहणार नाहीत, उंच झाड नाहीतर कडा नाहीतर बिल्डिंगचा छज्जा बघून उघड्यावर एकच मोठं पोळं बांधतात आणि त्यावर अंगाला अंग लावून स्वतःचाच पडदा करून बसतात. चांदण्या रात्रीसुद्धा उडू शकतात म्हणून तुझ्या ट्यूबलाइटवर येतात. त्या तुझ्यावर चाल करून येत नाहीयेत, उजेडाने फसतात बिचाऱ्या. आणि कपड्यांवरचे थेंब म्हणजे, कसं सांगू, त्यांची शी आहे. पचलेल्या परागाची टरफलं असतात त्यात. गंमत सांगते, 1981 साली अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी जाहीर आरोप केला होता की आग्नेय आशियात विमानातून विष फवारतायत, जंगलात पानांवर पिवळे थेंब सापडलेत, "पिवळा पाऊस" म्हणून जगभर गाजलं ते प्रकरण, आणि मग मॅथ्यू मेसेलसन नावाच्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सोबतच्यांनी दाखवून दिलं की हे थेंब जंगली मधमाश्यांचे आहेत, हजारो माश्या एकदम बाहेर पडून उडता उडता मोकळ्या होतात. तेव्हा तू डाग बघून गोंधळलीस यात काही नवल नाही. वाळायच्या आत गार पाण्यात भिजव, आणि सध्या कपडे दुसरीकडे वाळत घाल.

आता खरा प्रश्न. तुझ्या घरात तीन मतं आहेत आणि मला विचारशील तर सासूबाई पहिल्या दिवशी पूर्ण बरोबर असू शकत होत्या. मधमाश्यांचा घोळका येऊन लटकला म्हणजे तिथे पोळं झालंच असं नसतं. जुनी राणी निम्म्याअर्ध्या माश्या घेऊन घर सोडते, वाटेत कुठेतरी टेकते, आणि मग काही अनुभवी माश्या चारी दिशांना जागा बघून येतात, परत येऊन घोळक्यावरच नाचून सांगतात की अमुक दिशेला इतक्या लांब चांगली जागा आहे, बऱ्याच जणींचं एका जागेवर पटलं की सगळ्या एकदम उठून जातात. (हा नाच म्हणजे काय हे ज्यांनी उलगडलं त्या कार्ल फॉन फ्रिशना 1973 साली नोबेल मिळालं.) अशा टेकलेल्या घोळक्याला राखायला ना मध ना पिल्लं, निघताना पोटभर मध पिऊन निघालेल्या असतात, त्यामुळे त्या त्यातल्या त्यात शांत असतात आणि बहुतेक वेळा काही तासांत नाहीतर एकदोन दिवसांत जातात. आग्या लांबच्या प्रवासात असल्या तर झाडावर आणखी काही दिवससुद्धा थांबतात. म्हणून घोळका दिसला की पहिल्या दिवशी काहीच करायचं नसतं, दार लावून चहा प्यायचा.

पण आता पाच दिवस झालेत. त्यामुळे तू अंदाज करत बसू नकोस, बघ. गॅलरीचं दार बंद, काच बंद, आतून मोबाइलचा कॅमेरा झूम करून सकाळी ऊन आलं की दहा मिनिटं बघ. परत येणाऱ्या माश्यांच्या मागच्या पायांकडे बघ, तिथे पिवळे किंवा नारिंगी मोहरीएवढे गोळे चिकटलेले दिसले तर तो पराग आहे, आणि पराग आणतायत म्हणजे अळ्यांना खाऊ आणतायत, म्हणजे घर मांडलंय. दुसरं, घोळक्याची कडा जिथे विरळ होते तिथे पांढरं, ताजं मेण दिसतंय का ते बघ. पराग नाही, मेण नाही, तर अजून एकदोन दिवस थांब, सासूबाई जिंकतील. आणि हो, बघताना एक मस्त गोष्ट दिसेल तुला, मधूनच सगळ्या माश्या पोटं वर उचलतात आणि पोळ्यावरून लाट गेल्यासारखी चमक जाते, स्टेडियममध्ये लोक उठतात बसतात ना तश्शी. दिसायला सुंदर आहे पण त्याचा अर्थ त्यांना जवळपास काहीतरी खटकलंय, मोठी गांधीलमाशी आली की हमखास करतात. लाटा सारख्या सारख्या यायला लागल्या तर तू पण काचेपासून मागे हो.

आता मशालीबद्दल, कारण तुझ्या नवऱ्यासारखे लोक मला दर महिन्याला भेटतात. मधासाठी आग्या मोहोळ काढणारे लोक रात्री जळती जुडी वापरतात हे खरं आहे, पण ते कसं चालतं माहितीये का, ते जुडी पोळ्यावर झटकतात, निखारे खाली पडतात आणि माश्या त्या पडणाऱ्या ठिणग्यांच्या मागे खाली जातात. जंगलात खाली जमीन असते. तुझ्याकडे खाली दुसऱ्या मजल्याची गॅलरी आहे, तिथे कपडे वाळत असतील, कुणाची आजी बसलेली असेल, आणि मध्ये एसीच्या वायरी. म्हणजे निखारे आणि चवताळलेल्या माश्या दोन्ही तू खालच्या घरात पाठवणार. शिवाय ज्या पडत नाहीत त्या अंधारात सगळ्यात जवळच्या उजेडाकडे येणार, आणि सगळ्यात जवळचा उजेड म्हणजे हातात मशाल धरलेला तुझा नवरा. धुराने माश्या शांत होतात हे पण अर्धवट खरं आहे. माफक आणि थंड धूर दिला तर त्यांच्या धोक्याचा वास दबतो आणि आग लागली असं समजून त्या मध प्यायला लागतात, पण हे पेटीतल्या माश्यांवर, अनुभवी हाताने. आग्यावर अर्धवट धूर म्हणजे मोहोळ उठवणंच.

झुरळांचा स्प्रे म्हणजे तर त्याहून वाईट. तो डबा जेमतेम मीटरभर लांब जातो म्हणजे तुला मीटरभर जवळ उभं राहावं लागणार, समोर हजारो माश्या, मोठ्या पोळ्यात पन्नास हजारांच्या आसपास जातात, पहिल्या फवाऱ्यात शेपाचशे पडतील आणि बाकीच्या? पाइपच्या पाण्याचं तेच. नुसतं पाणी मारलं की माश्या मरत नाहीत, विस्कटतात आणि पिसाळतात. साबणाच्या पाण्याने मरतात, फायर ब्रिगेडवाले कुणाच्या जिवावर बेतलं असेल तर फेस मारतात तो त्यासाठीच, पण त्यांच्या अंगावर सूट असतो आणि खालचा रस्ता बंद केलेला असतो.

स्प्रेचं मी पुस्तकातलं सांगत नाहीये हं, स्वतः करून बसलेय. खूप वर्षांपूर्वी आमच्या मीटरच्या बाजूला भिंतीत एक भोक होतं, त्यात सातेरी माश्यांनी घर केलं. सातेरी म्हणजे लहान, सोशिक, पोकळीत एकामागे एक पोळी बांधतात त्या. कुणाला काही करत नव्हत्या, पण मला तेव्हा अक्कल कमी आणि हौस जास्त. तीन रात्री स्प्रे मारला, चौथ्या दिवशी आवाज बंद, मी लगेच भोकावर सिमेंट लिंपून मोकळी झाले आणि घरभर सांगत फिरले. आठवड्याभरात भिंतीवर बोटभर रुंद तपकिरी ओघळ आला. हात लावला तर चिकट. माश्या पंख हलवून आतलं तापमान राखतात, पिल्लांच्या जागी साधारण 35 डिग्री, त्या मेल्या की पंखे बंद, मेण मऊ पडतं आणि मध वाहायला लागतो. मग मुंग्यांची रांग लागली, मग मेलेल्या अळ्यांचा वास सुटला, मग मेणकिड्याच्या पांढऱ्या जाड अळ्या जिन्यात चालताना दिसायला लागल्या आणि एके दिवशी स्विचबोर्डच्या फटीतून चक्क जिवंत माशी बाहेर आली, म्हणजे सगळ्या मेल्याच नव्हत्या, बाहेरचा रस्ता मी बंद केल्यामुळे उरलेल्यांनी घरातला शोधला. शेवटी भिंत फोडली. आत कोपरापर्यंत हात जाईल एवढी पोळी, आणि त्यातला मध विषारी म्हणून फेकायला लागला. आणि एवढं करून पुढच्या वर्षी नवा घोळका त्याच भोकाशी घोटाळत आला, कारण मी मेण नीट खरवडलंच नव्हतं, जुन्या मेणाचा वास त्यांना बोर्ड लावल्यासारखा वाटतो.

म्हणून सांगते, कुणाच्या भिंतीत, पेल्मेटमध्ये, शटरच्या डब्यात माश्या जाताना येताना दिसल्या तर तीन गोष्टी करायच्या नाहीत, विष घालायचं नाही, भोक बुजवायचं नाही, आणि "माश्या गेल्या ना, झालं मग" म्हणून पोळं आत ठेवायचं नाही. माश्या आणि पोळं दोन्ही बाहेर, मग साफसफाई, मग भोक बंद, हाच क्रम. सातेरीचं सोपं असतं तसं, जाणकार मधपाळ पोळी कापून लाकडी चौकटीत बांधून पेटीत बसवतो, राणी आत गेली की बाकीच्या आपोआप मागून जातात आणि पेटी घेऊन तो निघून जातो. भिंत फोडायचीच नसेल तर भोकावर जाळीचं नाळकं लावतात, बाहेर पडता येतं पण परत आत जाता येत नाही, पण त्याला काही आठवडे लागतात आणि पोळं आत राहतं ते राहतंच.

तुझ्या आग्याला मात्र पेटीत बसवता येत नाही, त्यामुळे तुझ्याकडे दोनच रस्ते, थांबायचं किंवा माणूस बोलवायचा.

थांबायचं हा पळपुटेपणा नाही बरं का. आग्या माश्या फिरत्या असतात, फुलोरा संपला की काही महिन्यांत रिकामं पोळं मागे टाकून जातात. पोळं दहाव्या मजल्याच्या टाकीखाली असतं, कुणाच्या जायच्या यायच्या वाटेवर नसतं, तर मी हेच सांगितलं असतं की राहू दे. पण तुझं पोळं दारापासून दोन हातांवर, घरात चार वर्षांचा मुलगा आणि त्याचा बॉल, आणि सासूबाईंचा तो हात. इथे मी थांबायला सांगणार नाही. परागाचे गोळे दिसले की माणूस बोलव, आणि लवकर, कारण पोळं जितकं मोठं आणि पिल्लं जितकी जास्त तितक्या त्या जास्त चिडक्या.

कोण? मधमाशीपालन करणारे, शेतकी कॉलेजातले कीटकवाले, फायर ब्रिगेड, यांच्यापैकी कुणीतरी काढतं नाहीतर काढणाऱ्याचा नंबर देतं. पेस्ट कंट्रोलला फोन केलास तर आधी विचार की माश्या मारणार की हलवणार. फोनवर आणखी दोनचार गोष्टी विचार, अंगभर सूट आहे का, पोळं आणि मेण खरवडून नेणार का, आणि खालच्या वरच्या लोकांना आधी सांगायचं का. ज्याला हे प्रश्न फालतू वाटतात, "अहो मॅडम दोन मिनिटांचं काम" म्हणतो आणि बनियनवर येतो, त्याला दारातूनच परत पाठव. चांगला माणूस बहुतेक अंधार पडल्यावर येईल, त्याच्याकडे लाल टॉर्च असेल, कारण मधमाश्यांना लाल रंग दिसत नाही. त्या वेळी तू आणि पोरगं घरात नसलात तर उत्तम, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गॅलरीत जाऊ नका, परत आलेल्या माश्या घर शोधत घिरट्या घालतात.

तोपर्यंतचे दिवस कसे काढायचे ते ऐक. संध्याकाळी दिवे लावायच्या आधी त्या बाजूच्या खिडक्या आणि पडदे बंद, गॅलरीतला दिवा बंदच, आतला उजेड दुसऱ्या खोलीत. माश्या कुठून येतात ते शोध, एसीच्या पाइपचं भोक, एक्झॉस्ट फॅन, स्लायडिंगच्या खालची फट, तिथे जाळी किंवा जुना कपडा कोंब, भिंतीतल्या पोळ्याचं भोक बुजवू नका म्हटलं ते वेगळं, इथे पोळं बाहेर आहे. सकाळी मेलेल्या माश्या हाताने उचलू नको आणि पोराला अनवाणी फिरू देऊ नको, मेलेल्या माशीचा काटासुद्धा टोचतो. झाडूने सुपलीत. खोलीत जिवंत फिरत असेल तर दिवा बंद कर, खिडकीकडे जाईल, मग काचेवर ग्लास उपडा ठेवून खालून कार्ड सरकव. शेजाऱ्यांना सांग, विशेषतः वरच्या मजल्यावाल्यांना, की गॅलरी धुताना पाणी खाली सोडू नका, आणि कुणी ड्रिलिंग करणार असेल तर थांबा म्हणावं, हादरे त्यांना अजिबात चालत नाहीत. दाराशी उग्र परफ्यूम मारून उभं राहू नका. बॉल कपाटात. कितीही रडला तरी.

आणि एवढं करून उठल्याच तर. (बऱ्याचदा माणूस काही करतच नाही, घारीसारखा एखादा पक्षी पोळ्यावर झडप घालतो आणि खालून जाणारा बिचारा डंख खातो.) हात झटकू नका, मारू नका, पळा. एक माशी डंख मारते तेव्हा तिथे एक वास सुटतो, पिकलेल्या केळ्यासारखा, आणि तो वास म्हणजे बाकीच्यांना "इथे मारा". त्यामुळे जागेवर उभं राहून त्यांच्याशी झुंजणं म्हणजे स्वतःवर निशाण लावून घेणं. ओढणी, शर्ट काय असेल ते डोक्यातोंडावर, नाक आणि डोळे झाकून, पण वाट दिसेल इतपत, सरळ जवळच्या बंद खोलीत किंवा गाडीत. दोनचार सोबत आत येतील, येऊ देत, बाहेरच्या पाचशेपेक्षा त्या चार बऱ्या. पाण्यात उडी मारू नका, त्या वर वाट बघत फिरतात आणि श्वास घ्यायला डोकं काढावंच लागतं.

डंख बसला तर काटा आधी काढायचा. मधमाशीच्या काट्याला उलटे दाते असतात, तो विषाच्या पिशवीसकट कातडीत राहतो आणि माशी गेल्यावरही पंपासारखा चालू असतो, जवळपास 90 टक्के विष पहिल्या 20 सेकंदांत आत जातं. "चिमटीत धरू नका, कार्डाने खरवडा" असं सगळे सांगतात आणि लोक कार्ड शोधत घरभर फिरतात. 1996 साली संशोधकांनी स्वतःला डंख करून घेऊन हे तपासलं, कसा काढला याने फरक पडत नाही, किती लवकर काढला याने पडतो. नखाने काढ, चिमटीने काढ, काढ. मग साबणपाणी, बर्फ कपड्यात गुंडाळून, हाताला चावली असेल तर अंगठी आणि बांगड्या सूज यायच्या आत बाहेर. टूथपेस्ट वगैरे फासत बसू नका.

सासूबाईंचं मुद्दाम वेगळं लिहितेय. चावलेल्या जागेपासून कोपरापर्यंत सूज येणं, दोनतीन दिवस वाढत जाणं, हे दिसायला भयंकर असतं पण ती जागेवरची मोठी प्रतिक्रिया आहे, पुढच्या वेळी जीव धोक्यात येईलच असं त्यावरून म्हणता येत नाही, बहुतेकांना पुढच्या वेळी पण तशीच सूज येते. खरी भीती वेगळी. चावली हाताला आणि पित्त उठलं अंगभर, ओठ किंवा जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, श्वासाला शिट्टी यायला लागली, उलटी, चक्कर, डोळ्यापुढे अंधारी, यातलं काही पहिल्या काही मिनिटांत ते तासाभरात दिसलं तर घरात बसून गोळी देऊन बघू हा विचारच करायचा नाही, ॲम्ब्युलन्स. तिथे लागतं ते ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेत नाही. गाडी येईपर्यंत आडवं झोपवून पाय वर, श्वास लागत असेल तर बसवून, पण चालवत जिना उतरवू नका. इंजेक्शनने बरं वाटलं म्हणून लगेच घरी पण आणू नका, काही तासांनी लक्षणं परत उलटू शकतात. मागच्या वेळी यातलं काही झालं होतं का हे सासूबाईंना आजच नीट विचार, झालं असेल तर ॲलर्जीच्या डॉक्टरांना दाखवून ते इंजेक्शन घरात ठेवायचं का ते ठरवा, माणूस बोलवायच्या आधी हे.

आणि ॲलर्जी नसली तरी डंख किती ते मोजायचं. मोठ्या माणसाला वीसतीस, लहान मुलाला दहाच्या आसपास बसले तर तो बरा दिसत असला तरी दवाखाना. तोंडात, घशात किंवा डोळ्यात एकच बसला तरी दवाखाना. विष जास्त गेलं की स्नायू आणि किडनीवर येतं आणि ते कधीकधी दुसऱ्या दिवशी कळतं, लघवी कमी झाली किंवा काळपट झाली की धाव घ्यायची.

इतर वाचणाऱ्यांसाठी पटकन, कारण प्रत्येक गुणगुणणारी वस्तू आग्या नसते. झुडपाच्या फांदीला तळहाताएवढं एकच छोटं पोळं, ते फुलोरीचं, कुंडीला धक्का मारू नका एवढंच. भिंतीच्या फटीतून मेणाचं छोटं नळकांडं बाहेर आलंय आणि त्यातून चिलटाएवढ्या काळ्या माश्या ये-जा करतायत, त्यांना डंखच नसतो. लाकडाच्या दारात गोल भोक पाडून भुसा टाकणारा काळा भुंगा एकटा असतो, तो गेल्यावर भोक बुजवून लाकडाला रंग द्या. कागदासारखं राखाडी घर, बारीक कंबर, ती गांधीलमाशी, तिचा काटा तुटत नाही म्हणून ती परत परत चावते, तिचं घर लहान असतानाच जाणत्या माणसाकडून काढून घ्यावं. आणि ज्यांच्याकडे पोळं नाही पण नळाशी, एसीच्या थेंबाशी रोज माश्यांची गर्दी, त्यांच्याकडे त्या फक्त पाणी प्यायला येतात. गळती बंद करा आणि लांबच्या कोपऱ्यात पसरट ताटलीत खडे घालून पाणी ठेवा. पण आधी ताटली, मग दोनतीन दिवसांनी गळती बंद, उलटं केलंत तर शेजारच्यांच्या नळाला जातील.

तर तुझं काम उद्या सकाळी, ऊन आल्यावर, काचेआडून दहा मिनिटं. पाय बघ. फोटो मिळाला तर मला पाठव, मोहरीएवढा पिवळा ठिपका आहे का नाही ते मी पण बघून सांगते. आणि माश्या गेल्यावर, कशाही गेल्या तरी, छज्ज्यावरचं मेण पत्र्याने पार खरवडून काढायला लाव, गरम साबणपाण्याने घासून वर रंगाचा हात, आग्या माश्या वर्षानुवर्षं त्याच जागी परत येतात. हे काम नवऱ्याला दे, त्याला काहीतरी करायचंच आहे.

– काकू